भेकराचा हिशेब

ठाण्याला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या डोंगरात संध्याकाळ उतरली की कधीतरी कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. एक भुंक, थोडी शांतता, पुन्हा एक भुंक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, पाड्यावरचं कुत्रं असेल. पण कुत्रं असं ठरावीक अंतर राखून भुंकत नाही, आणि या आवाजातला कोरडा, खरखरीत घसा कुत्र्याचा नसतो. ते भेकर असतं. बिबट्याचा वास आला, पाचोळ्यात काही हललं, की ते ओरडायला लागतं आणि कधी कधी तासभर थांबत नाही. जिथून घोडबंदर रोडचे दिवे दिसतात तिथे हा आवाज अजून ऐकू येतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

पण ठाण्याहून पुढे, कल्याण ओलांडून मुरबाड-शहापूरच्या रानात शिरलं की चित्र बदलतं. जंगल तिथे येऊरपेक्षा कितीतरी मोठं आहे. माहुलीच्या पायथ्याला एकदा रात्र काढली होती, भेकर ऐकायचं म्हणून मुद्दाम जागलो होतो. कुत्री भरपूर ऐकली, खरी कुत्री. भेकर पहाटेपर्यंत एकदाही बोललं नाही. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण ज्या रानात माणसांचा राबता जास्त, पाडे जास्त, वाटा जास्त, त्या रानात हरणं शोधावी लागतात, आणि लहानशा राष्ट्रीय उद्यानात ती समोर येऊन उभी राहतात. असं का होतं, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी नावांचा गुंता सोडवू. आपण सगळ्यांनाच सरसकट हरीण म्हणतो. सांबर, चितळ आणि भेकर ही खरी मृगकुळातली. त्यांच्या नरांची शिंगं भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. चौसिंगा दिसायला हरणासारखा, पण तो गाय-बकरीच्या कुळातला. त्याची शिंगं पोकळ, ती कधी गळत नाहीत. आणि पिसोरी तर दोन्हींपासून वेगळी. सशाहून थोडी मोठी, वजन जेमतेम तीन-चार किलो, शिंगं नाहीतच. नराला वरच्या जबड्यातून बाहेर आलेले बारीक सुळे. रात्री निघते, पाचोळ्यात मिसळून जाते, त्यामुळे ती कमी झाली हे बहुतेकांना कळतही नाही.

या पाचही जनावरांत एक गोष्ट सारखी आहे आणि सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे: पिल्लं फार थोडी. सांबराची मादी सुमारे आठ महिने गाभण राहते आणि एकच पाडस देते. चितळाचं आणि भेकराचंही एका वेळी एकच. रानडुकराची मादी एका खेपेला चार-सहा पिल्लं घालते, म्हणून तिच्यावर कितीही आपत्ती आली तरी डुकरं पुन्हा भरून येतात. हरणांना तसं भरून येता येत नाही.

आता एक काल्पनिक डोंगर घेऊ. त्यावर १०० भेकरं आहेत. त्यांत पाडस देण्याच्या वयाच्या ४० माद्या. वर्षाला ४० पाडसं झाली, त्यांतली निम्मी पहिल्या वर्षातच कोल्हा, अजगर, बिबट्या नाहीतर कुत्र्यांनी नेली. उरली २०. मोठ्यांपैकी १२ म्हातारपणाने, आजाराने किंवा बिबट्याच्या तावडीत गेली. म्हणजे वर्षाची खरी वाढ आठ. आता या डोंगराभोवती दहा पाडे आहेत आणि प्रत्येक पाड्यावर वर्षाला फक्त एक भेकर मारलं जातं. एका पाड्याच्या दृष्टीने हे काहीच नाही, वर्षातून एकदा सणाला मटण. पण वाढ शेकडा आठ आणि मरतात दहा. पाच वर्षांनी डोंगरावर ८८ भेकरं उरतात. फरक कुणाला जाणवत नाही. दहाव्या वर्षी ७१. म्हातारी माणसं म्हणायला लागतात की पूर्वी जास्त दिसायची, आणि तरुणांना ते स्मरणरंजन वाटतं. पंधराव्या वर्षी ४६. आणि उरलेली ४६ पुढच्या सहा वर्षांत संपतात. कळप लहान होतो तशी वाढ आटते, पण पाडे दहाच राहतात आणि प्रत्येकाला एक हवंच असतं. प्रत्यक्ष रानात आकडे इतके रेखीव नसतात. गर्दी कमी झाली की चारा जास्त मिळतो आणि पाडसं थोडी जास्त जगतात. पण उताराची तऱ्हा हीच: बराच काळ काही होत नाहीसं वाटतं आणि मग अचानक रान रिकामं होतं. सामाईक रानात कुणा एकाने गुन्हा केल्यासारखं दिसत नाही, म्हणून ते थांबतही नाही.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने याच कोड्यावर एक गाजलेला निबंध लिहिला आणि सामाईक गोष्टीचा नाश अटळ असतो असं सांगितलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर जगातली सामाईक कुरणं, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रं तपासून ते खोडून काढलं. जिथे वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, कोण किती घेतो हे पाहिलं आणि मोडणाऱ्याला जाब विचारला, तिथे सामाईक साधनं शतकानुशतकं टिकली आहेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला ऑस्ट्रॉमबाईंचं म्हणणं पटतं, आणि आपल्या रानाकडे पाहताना तेच जास्त उपयोगी पडतं. कारण इथलं रान सामाईक होतं तेव्हाही त्याला एक लगाम होता. तो कसा सुटला हे पाहायला हवं.

कोकणात शिमग्याच्या सुमाराला गाव पारधीला निघायचं. हाकारे घालायला माणसं, कुत्री, जनावर अडवायला वाघुरी म्हणजे जाळी, नेमक्या नाक्यांवर बसणारे जाणते, आणि शेवटी शिकारीचे वाटे. डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवरही अशी सामुदायिक शिकार चाले. या पद्धतीला मी रोमँटिक रंग देत नाही. तिच्यातही गाभण माद्या मरत होत्या. पण तिला श्रमाची मर्यादा होती. वीस-पंचवीस माणसं एकाच दिवशी मोकळी हवीत आणि तशी ती फक्त भाताची कामं उरकल्यावर मिळतात. पावसाळाभर सगळे चिखलणी-लावणीत. दिवसभर रान तुडवून बऱ्याचदा हात हलवत परतायचं. शिवाय जे मारलं ते सगळ्या गावासमोर यायचं. किती मारलं हे गावाला माहीत असायचं.

हा लगाम दोन बाजूंनी तुटला. पहिली बाजू बंदुकीची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि १८६५ मध्ये थळघाट चढून गेली. स्लीपरांसाठी, इमारतींसाठी लाकूड याच रानांतून उतरलं आणि मुंबईचा शिकारी सकाळच्या गाडीने रानात पोचू लागला. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी बरेच होते. पुढे त्याच परंपरेतले हुमायून अब्दुलअली स्वतः बंदूक चालवणारे, पण १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. शिकार थांबायला हवी हे शिकाऱ्यालाच आधी कळलं, कारण रान रिकामं होताना तोच पाहत होता. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला परवान्याने काही शिकार चालायची. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद आहे.

लगाम तुटण्याची दुसरी बाजू माझ्या मते आज बंदुकीपेक्षा जास्त घातक आहे, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. ती म्हणजे फासकी. मोटरसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची तार गॅरेजमध्ये जुनी म्हणून टाकलेली असते. तिला सरकती गाठ मारायची, जनावराच्या वाटेवर, दोन झुडपांच्या मधल्या फटीत बांधायची आणि निघून यायचं. पंचवीस माणसांचं काम आता एक माणूस पाच मिनिटांत करतो. फासकी दिवसा चालते, रात्री चालते, लावणीच्या दिवसांत मालक शेतात वाकलेला असतानाही चालते. तिला नर-मादी कळत नाही, पाडस पोटात आहे हे कळत नाही. बऱ्याच फासक्या मटणासाठी नव्हे, भातात शिरणाऱ्या रानडुकरासाठी लावलेल्या असतात. अडकतं भेकर, अडकतो बिबट्या. लावणारा आजारी पडला, कामाला वीटभट्टीवर गेला, जागा विसरला, तर जनावर तिथेच तडफडून मरतं, सडतं आणि कुणाच्याच पोटात जात नाही. ती तार तशीच राहते, पुढच्या जनावरासाठी. आणि पारध सगळ्यांसमोर व्हायची, ही गोष्ट मात्र एकट्याची झाली. कोण किती मारतो हे आता पाड्यालाही माहीत नसतं.

इथे एक वाक्य नेहमी ऐकू येतं: आदिवासी सगळं खाऊन टाकतात. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं. कातकरी, ठाकूर, वारली, कोळी शेकडो वर्षं याच रानात राहिले आणि हरणंही राहिली. फरक पडला तो तारेने, रस्त्याने आणि पैशाने. रानातलं मटण पाड्यावर खाल्लं जातं तोवर त्याला पोटाची मर्यादा असते. त्याला गिऱ्हाईक मिळालं की ती मर्यादा जाते. मुरबाड-शहापूरकडे डांबरी रस्ते, फार्महाऊस आणि सुट्टीची गर्दी जसजशी आत गेली, तसतसं गिऱ्हाईक रानाच्या दाराशी आलं. मटण विकत घेणारा हात शहरातला असतो, आणि पकडला जातो तो फासकी लावणारा.

दुसरं लोकप्रिय उत्तर बिबट्याचं. बिबट्यांनी हरणं संपवली म्हणतात. पण बिबट्या आणि भेकर लाखो वर्षं एकत्र राहत आले आहेत. भक्ष्य संपवणारा शिकारी स्वतःही उपाशी मरतो. वाघांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज असा की एका वाघाला वर्षाला पन्नासेक हरणांएवढं भक्ष्य लागतं आणि त्यासाठी रानात पाचशे तरी जनावरं हवीत. म्हणजे शिकारी वर्षाला दहावा हिस्सा घेतो आणि कळप टिकतो. बिबट्याची भूक त्याहून बरीच लहान. उलट, शिकारी प्राणी काढून टाकले तर काय होतं हे अमेरिकेत अॅरिझोनातल्या कैबाब पठारावर दिसलं. १९०६ नंतर तिथले लांडगे, कूगर मारून काढले. हरणं बेसुमार वाढली, पठार ओरबाडलं गेलं आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात ती मोठ्या संख्येने उपासमारीने मेली.

आपल्याकडे बिबट्याचा प्रश्न उलट्या बाजूने समजून घ्यावा लागतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास गेली अनेक वर्षं होत आला आहे आणि त्यात कुत्र्यांचे केस सतत सापडतात. कचऱ्यावर वाढलेली कुत्री बिबट्याला पोसतात, आणि तीच कुत्री टोळीने रानात शिरून पाडसांना घेरतात. भेकराचं पाडस पहिले काही आठवडे आईने झुडपात लपवलेलं असतं. त्याला हालचाल न करता पडून राहायचं एवढंच माहीत असतं. बिबट्यापासून ही युक्ती बऱ्याचदा वाचवते. नाकाने माग काढत येणाऱ्या सहा कुत्र्यांपासून नाही. शहराच्या कडेला कचरा उघडा पडतो तेव्हा त्याची झळ रानातल्या पाडसापर्यंत पोचते, हे आपल्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत बिबट्याने माणसं जखमी केली. दोन्ही वेळा बातमी बिबट्याची झाली. तो रानात काय खाऊ शकला असता, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

गवताची गोष्ट वेगळीच आहे. मुंबईच्या तबेल्यांना पूर्वी ठाणे जिल्ह्यातून गवत जायचं. ते कापलं जायचं, म्हणून राखलं जायचं. वणवा लागला तर मालकाचं नुकसान. आता बऱ्याच टेकड्यांवर गवताला राखणदारच नाही. फाल्गुन-चैत्रात कुणीतरी काडी लावतो आणि वणवा रात्रभर डोंगर चढतो. वणव्यानंतर हिरवे कोंब फुटतात हे खरं, पण ते फुटायला ओल लागते, आणि मधले दोन महिने हरणाला ना चारा ना आडोसा. उघड्या काळ्या उतारावर भेकर लांबून दिसतं. शिवाय जळलेल्या, चरलेल्या जागी घाणेरी आणि रानमोडी माजतात. या झुडपांना गुरंही तोंड लावत नाहीत आणि हरणंही नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला डोंगर हिरवा दिसतो. चितळाच्या दृष्टीने तो उजाड असतो. त्यातच गुरांबरोबर लाळ्या-खुरकुतासारखे रोग रानात येतात.

रान तुटण्याबद्दल बोलताना आपण झाडं मोजतो, पण हरणाला झाडांइतकाच सलगपणा लागतो. येऊरच्या उत्तरेला घोडबंदर रोड आहे, त्यापलीकडे वसईची खाडी आणि खाडीपार तुंगारेश्वर. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. नकाशावर ही हिरवी साखळी जवळजवळ सलग वाटते. पण रात्री दोन वाजताही घोडबंदर रोडवर ट्रकांची रांग थांबत नाही. बिबट्या तो ओलांडतो, कधी त्यात मरतो. भेकरासारखं बुजरं जनावर काठावरूनच परत फिरतं. मग प्रत्येक तुकड्यातली हरणं एकटी पडतात, आणि एखाद्या तुकड्यात फासक्यांनी, रोगाने ती संपली की बाहेरून नवी येऊन तो भरत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यात कसाऱ्याजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे; तिथे वरचं रान जनावरांना सलग राहिलं. जिथे रस्ता जमिनीवरून, कुंपण घालून जातो तिथे तसं नाही. तानसा अभयारण्याच्या जमिनीवर आता गारगाई धरण येऊ घातलं आहे. धरणं दरीचा तळ बुडवतात, आणि उन्हाळ्यात ओल आणि हिरवा चारा असतो तो नेमका तिथेच. मुंबई-ठाण्याला पाणी लागतं हे मीही नाकारत नाही. मीही तेच पितो.

आता पुन्हा हिशेबाकडे येतो. सांबर ऑस्ट्रेलियातही आहे. १८६० च्या दशकात ते व्हिक्टोरियात नेऊन सोडलं. आज तिथे दरवर्षी हजारो सांबरं कायदेशीर परवान्याने मारली जातात, तरी ती वाढत आहेत. तिथल्या वनअभ्यासकांना ती जास्त झाल्याची काळजी आहे. अफाट सलग जंगल, वाघ-बिबटे नाहीत, ही मुख्य कारणं. पण आणखी एक गोष्ट तिथे आहे: सरकारी यंत्रणा परवानाधारक शिकाऱ्यांना फोन करून किती मारली हे विचारते आणि वर्षाचा अंदाज छापते. आपल्याकडे शिकार पूर्ण बंद, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे तिची नोंदही बंद. पकडलेले खटले दिसतात. न पकडलेली तार दिसत नाही.

जिवंत हरणांची मोजणीही अवघड आहे. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक बसतात. ती रात्र सुंदर असते, पण एका रात्री पाण्यावर किती आली हे त्या वर्षीच्या उन्हाळ्यावर आणि आसपास दुसरं पाणी आहे की नाही यावर ठरतं. वळवाचा पाऊस झाला की जनावरं पाण्यावर येतच नाहीत आणि आकडा कोसळतो. खरा अंदाज हवा तर ठरलेल्या रेषेवरून वर्षानुवर्षं चालत जावं लागतं, दिसलेलं जनावर रेषेपासून किती अंतरावर होतं हे लिहावं लागतं, लेंड्यांचे ढीग मोजावे लागतात, कॅमेरे लावावे लागतात. राष्ट्रीय उद्यानांत असं काम होतं. मुरबाड-शहापूरच्या साध्या राखीव वनांत, दळीच्या जमिनींत, गुरचरणात ते नियमाने व्हायला हवं.

ते करणारे हात तिथेच आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क दिले. त्याच कायद्याने शिकारीचा परंपरागत हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला, आणि कलम ५ मध्ये ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखण्याचे अधिकार दिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर आपल्या सुमारे हजार हेक्टरांतला एक भाग अजिबात न वापरता देवराईसारखा राखायचं ठरवलं. ठाणे जिल्ह्यातही देवराया आहेत. तिथून लाकूड न काढण्याचा नियम कुठल्याही सरकारी ठरावाहून जुना आहे.

राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक आणि स्वयंसेवक फासक्या शोधायला रानात फिरतात, त्यांच्यासारखं चालून पाहावं. माणसं एका ओळीत, हातभर अंतर ठेवून जातात. वर पाहायचं नाही, पक्षी बोलला तरी नाही. नजर गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण भेकराची मान तिथे येते. जनावरांची वाट जिथे करवंदीच्या दोन जाळ्यांमध्ये अरुंद होते तिथे थांबायचं, बसायचं आणि हात आत घालून चाचपायचं. तार बहुतेक वेळा गंजलेली, पानांच्या रंगाची. पक्कडीने कापायची, पोत्यात टाकायची, जागा वहीत लिहायची. मग पुढच्या जाळीकडे.